नदीचे मूळ आणि माणसाचे कूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. म्हण सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. मोठेपणा जन्मावर अवलंबून नाही, मागचे उकरून काढण्यात शहाणपण नाही, असे त्याला सुचवावयाचे असते. परंतु ज्याचे कूळ त्याच्या नकळत बदलले गेले, त्याच्या मनाचे समाधान या म्हणीने होत नाही. पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्यातील आणि २०१६ पासून कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडणारे बेज्जूर हे प्राणहितेच्या अलीकडचे गाव. पलीकडच्या तीरावर आपला गडचिरोली जिल्हा. ही प्राणहिता वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमापासून प्राणहिता म्हणवते आणि थोडे अंतर वाहून गोदावरीला मिळते. नाव बदलले तरी पाणी कोठून आले हे तीरावरच्या माणसाला ठाऊक असते. दत्तक गेलेल्या माणसाच्या वाट्याला मात्र पुष्कळदा बदललेले नाव तेवढे येते. मागचा उगम त्याच्यापुरता पुसलेला असतो. असे का व्हावे? आणि असे पूर्वीपासूनच होते काय?

पूर्वीपासून असे नव्हते, हे प्रथम ध्यानी घेतले पाहिजे. आपल्या धर्मशास्त्रात दत्तकाचा विधी हा उघड विधी होता. जन्मदात्याने मूल द्यावयाचे, घेणाऱ्याने ते आप्तेष्टांच्या समक्ष स्वीकारावयाचे, मग होम व्हावयाचा. दान आणि प्रतिग्रह या दोन गोष्टी घडल्यावाचून दत्तक सिद्धच होत नसे. आणि देणारा कोण हे ठाऊक नसेल तर दान कोणाचे म्हणावयाचे? निळकंठ भट्टांचा ‘व्यवहारमयूख’ किंवा नंदपंडितांची ‘दत्तकमीमांसा’ या ग्रंथांतून ज्या बारीकसारीक प्रश्नांचा खल चालतो, तो सगळा जन्माचे घर माहीत आहे असे धरूनच चालतो. दत्तक मुलाचे गोत्र बदलले तरी विवाहाच्या वेळी जन्मकुळाची सपिंडता पाहावीच लागे. म्हणजे शास्त्राने जन्मघराचा वारसा काढून घेतला, पण त्याची आठवण काढून घेतली नाही. द्व्यामुष्यायण नावाचा तर एक प्रकारच होता. दोन्ही पित्यांनी तसे ठरविले असेल, तर तो मुलगा दोन्ही घरांचा पुत्र मानला जाई.

राजघराण्यांतील दत्तकांकडे पाहिले की हा उघडपणा अधिक स्पष्ट होतो. १८७५ साली मल्हारराव गायकवाड पदच्युत झाल्यावर खंडेरावांच्या विधवा पत्नी जमनाबाई यांनी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या काशीराव गायकवाडांचा मुलगा गोपाळराव याला २७ मे रोजी दत्तक घेतले. हेच पुढे महाराज सयाजीराव. बारा वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा गादीवर बसला, नाव बदलले, आई बदलली. पण कवळाणे कोणी पुसून टाकले नाही. त्यांचे बंधू आनंदराव व संपतराव हेही पुढे बडोद्यासच वाढले. कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू छत्रपती झाले. घाटग्यांचे नाते मात्र तसेच राहिले. यांपैकी कोणालाही आपण कोणाचे, असा प्रश्न पडण्याचे कारण नव्हते. उत्तर सर्वांच्या देखत लिहिलेले होते.

परंतु हा झाला घरंदाज मुलांचा दत्तक. ज्या मुलाला देणारा कोणी नाही, किंवा ज्याला देणारीचे नाव उच्चारणेच तिच्या जिवावर बेतणारे आहे, त्याचे काय? आईबापांनी टाकलेल्या आणि दुसऱ्याने उचलून वाढविलेल्या मुलाला स्मृतिकारांनी ‘अपविद्ध’ असे नाव देऊन ठेवले आहे. म्हणजे असे मूल समाजाला अपरिचित नव्हते. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात तर हा प्रश्न अत्यंत दारुण झाला होता. उच्चवर्णीय घरांतून लहान वयात विधवा झालेल्या मुली, पुनर्विवाहास बंदी, घरातल्याच कोणा पुरुषाची वक्रदृष्टी, आणि नंतर तिच्या एकटीच्या पदरी येणारे पातक. गर्भपात, भ्रूणहत्या, नाहीतर विहीर, एवढेच मार्ग तिला मोकळे होते.

ज्या वर्षी कवळाण्याला गोपाळरावांचा जन्म झाला, त्याच १८६३ साली पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. अडचणीत सापडलेल्या विधवेने येथे यावे, गुप्तपणे व सुरक्षितपणे बाळंत व्हावे, मूल न्यावे अथवा ठेवून जावे, अशा आशयाच्या जाहिराती त्यांनी लावल्या होत्या. यातील ‘गुप्तपणे’ या शब्दावर सारी भिस्त होती. नाव विचारणार नाही या आश्वासनावाचून एकही स्त्री त्या दारात आली नसती. पुढे १८७५ साली पंढरपुरास लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने असेच गृह निघाले आणि मुंबईच्या प्रार्थनासमाजाने ते चालविले. क्षेत्राचे ठिकाण असल्यामुळे परगावची बाई तेथे का आली हे कोणी फारसे विचारीत नसे; तीही एक आडोशाचीच सोय होती. या गृहांनी किती जीव वाचविले याचे मोल करता येणार नाही. आज ज्या गुप्ततेविषयी दत्तक गेलेली माणसे तक्रार करतात, तिचा जन्म निष्ठुरपणातून झाला नव्हता. तो करुणेतून झाला होता.

आणि गुप्तता केवळ आईलाच हवी होती असेही नाही. १८७४ साली फुले दांपत्याने काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा आपलासा केला. तोच यशवंत. जोतीरावांनी त्याचा जन्म लपविला नाही. १८८७ च्या मृत्युपत्रात त्याला वारस केले. पण जगाने त्या उघडपणाची किंमत मुलाकडून वसूल केली. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव निवर्तले, तेव्हा टिटवे कोणी धरावे यावरून भाऊबंदांनी वाद घातला. दत्तक मुलाचा अधिकार त्यांना मान्य नव्हता. अखेर सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती घेतले. हाच यशवंत पुढे डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगात पुण्याजवळ रोग्यांची शुश्रूषा त्याने केली. त्याच कामात सावित्रीबाईंचा अंत झाला. ज्याच्या जन्मावर बोट ठेवले गेले, त्याने पुत्रधर्म असा पाळला. तथापि प्रत्येक घरात जोतीराव नव्हते. सामान्य माणसाने हाच अनुभव पाहून असे ठरविले की, मुलाचा जन्म न सांगणे यातच मुलाचे हित आहे.

अशा रीतीने एकाच प्रांतात दत्तकाच्या दोन परंपरा शेजारी शेजारी वाढल्या. एक कुळाची, उघड. दुसरी अनाथालयाची, झाकलेली. कायद्याला ही दुसरी परंपरा फार उशिरा दिसली. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने मुलींनाही दत्तक घेण्याची मोकळीक दिली आणि स्त्रीलाही दत्तक घेण्याचा अधिकार दिला, ही मोठीच सुधारणा होती. पण ज्याचे आईबाप अज्ञात आहेत असे मूल द्यावयाचे कोणी, हा प्रश्न राहिलाच. १९६२ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि टाकलेल्या किंवा अज्ञात मातापित्यांच्या मुलाला न्यायालयाच्या परवानगीने पालक दत्तक देऊ शकेल, अशी तरतूद आली. म्हणजे फुल्यांच्या गृहानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी त्या गृहातल्या मुलाला हिंदू कायद्यात दत्तकाचे दार उघडले. मौज अशी की, दत्तक मुलाने जन्मकुळातील निषिद्ध नात्यात विवाह करू नये, हा जुना नियम याही कायद्यात कायम आहे. ज्याला जन्मकुळच सांगितलेले नाही, त्याने हा नियम पाळावा कसा, याचे उत्तर कायदा देत नाही.

दुसऱ्या देशांतही ही अडचण नवी नव्हती. लंडनला थॉमस कोरम यांच्या प्रयत्नाने १७३९ साली टाकलेल्या मुलांसाठी एक मोठे अनाथालय स्थापन झाले. तेथे मूल ठेवणाऱ्या आया बरोबर एखादी खूण ठेवून जात: कापडाचा तुकडा, अर्धे नाणे, एखादे पदक. पुढेमागे दिवस पालटले आणि मूल परत न्यावयास आले, तर ते आपलेच हे त्या खुणेवरून पटावे. फारच थोड्या आया परत आल्या. खुणा मात्र लंडनच्या संग्रहालयात अजून आहेत. त्या पाहिल्या म्हणजे एक गोष्ट कळते. मूल सोडून देणारी प्रत्येक आई मुलाला विसरू इच्छित होती, हा समज खरा नाही.

आपल्याकडे १९७० नंतर या प्रश्नाला निराळेच वळण लागले. मुंबई, पुणे, नाशिक येथील संस्थांतून पुष्कळ मुले स्वीडन, जर्मनी, स्वित्झर्लंड, स्पेन, अमेरिका इकडे जाऊ लागली. परदेशी दांपत्याला हिंदू दत्तक कायदा लागू नसल्यामुळे १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली न्यायालयाकडून केवळ पालकत्व मिळे, आणि दत्तकविधान त्यांच्या देशात होई. मुलाबरोबर एक पारपत्र आणि चार कागद जात. कागदावर संस्थेने ठेवलेले नाव, अंदाजे जन्मतारीख, आणि आईवडिलांच्या रकान्यात पुष्कळदा ‘अज्ञात’ एवढाच शब्द. मूल वाढले, आरशात पाहू लागले, आणि आपला रंग आईबापांच्या रंगासारखा नाही हे त्याला कळले. देशातल्या देशात दत्तक गेलेल्या मुलापासून जे लपविता येते, ते या मुलांपासून लपविणे शक्यच नव्हते. त्यामुळे शोधाला आरंभ झाला तो बहुधा परदेशी वाढलेल्या मुलांकडून.

आशा मिरो हिची कथा यापैकी सर्वांत बोलकी आहे, आणि तिने ती स्वतःच लिहून प्रसिद्ध केली आहे. १९६७ साली नाशिककडील एका गरीब शेतकरी कुटुंबात तिचा जन्म झाला. मुंबईतील जोगिणींच्या आश्रमात ती वाढली आणि १९७४ मध्ये, वयाच्या सातव्या वर्षाच्या सुमारास, बार्सिलोना येथील एका दांपत्याने तिला दत्तक नेले. तेथे ती शिकली, संगीताची शिक्षिका झाली. १९९५ साली ती स्वयंसेविका म्हणून प्रथम मुंबईस आली, आपला जुना आश्रम तिने पाहिला, आपल्याला वाढविणाऱ्या जोगिणींना ती भेटली, आणि जेवढी हकीकत हाती आली तेवढीवर समाधान मानून परत गेली. त्या प्रवासावरचे तिचे कॅटलन भाषेतील पुस्तक ‘गंगेची कन्या’ या अर्थाच्या नावाने निघाले. नाशिकचा मनुष्य गोदावरीला गंगाच म्हणतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हे नाव अधिकच समर्पक वाटेल.

परंतु शोध तेथे संपला नाही. २००३ साली ती पुन्हा आली. या वेळी चौकशी आश्रमापुरती न राहता खेड्यापर्यंत गेली, आणि पहिल्या खेपेस कानी आलेली हकीकत अपुरी होती असे दिसून आले. आईबाप हयात नव्हते. पण सख्खी बहीण होती, तिचा संसार होता, मुलेबाळे होती. दोघी समोरासमोर आल्या तेव्हा बोलावयाला सामायिक भाषा नव्हती. जी मराठी आशा लहानपणी बोलली असेल, ती बार्सिलोनात केव्हाच गळून पडली होती. एकीच्या वाट्याला शाळा, वाद्ये, पुस्तके आली. दुसरीच्या वाट्याला शेत आणि चूल. त्यांची अदलाबदल झाली असती तर? हा प्रश्न वाचकाच्या मनात राहतोच. पण शोधाचे फळ केवळ दुःख किंवा केवळ आनंद असे नसते, हे त्या भेटीने दाखविले. फळ असते ते खरेपणा. आपल्याला कोणी उकिरड्यावर टाकले नव्हते, दारिद्र्यात आणि मृत्यूच्या छायेत सापडलेल्या घराने आपल्याला जगविण्याकरिता दुसऱ्याच्या हाती दिले, एवढे कळणे हीसुद्धा लहान गोष्ट नव्हे.

सर्वांचे नशीब इतके अनुकूल नसते. १९७३ साली पुण्यात जन्मलेल्या आणि जर्मन दांपत्याने दत्तक नेलेल्या एका मुलाला, तो मोठा झाल्यावर, स्वतःच्याच जन्माचे कागद पाहण्याकरिता मुंबई उच्च न्यायालयात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. संस्थेचे म्हणणे असे की, आईला दिलेले गुप्ततेचे वचन आम्ही मोडू शकत नाही. त्याचे म्हणणे असे की, त्या कागदांत माझाही जन्म आहे. कित्येक वर्षांच्या झगड्यानंतर त्याला माहिती मिळाली व आईची भेटही झाली. न्यायालयात दोन पक्ष उभे होते आणि दोघांचेही म्हणणे खोटे नव्हते. या विषयाचे सारे अवघडपण यातच आहे.

मात्र जेथे वचनाच्या आड निष्काळजीपणा किंवा व्यवहार लपला, तेथे सहानुभूतीला जागा नाही. स्वित्झर्लंडमधील झुरिख व थुरगाऊ या प्रांतांत १९७३ ते २००२ या काळात भारतातून गेलेल्या मुलांच्या कागदांचा अभ्यास तेथील संशोधकांनी केला. तो २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्याचे शीर्षकच ‘आई अज्ञात’ या अर्थाचे आहे. तपासलेल्या कागदांत जन्मदात्या आईच्या संमतीचा लेख त्यांना आढळला नाही. आई खरोखरच अज्ञात होती, की तिला अज्ञात ठेवणे सोयीचे होते, असा प्रश्न ज्याच्या मनात एकदा उभा राहिला, त्याची झोप उडाल्याशिवाय कशी राहील?

कायद्याने या प्रश्नाकडे डोळे उघडून पाहिले ते लक्ष्मीकांत पांडे या वकिलांच्या पत्रामुळे. परदेशी दत्तकाच्या नावाखाली चालणाऱ्या गैरप्रकारांबद्दल त्यांनी सर्वोच्च न्यायालयाला लिहिले, आणि ६ फेब्रुवारी १९८४ रोजी न्यायमूर्ती भगवती यांनी सविस्तर निर्णय दिला. आईला मूल सोडल्यानंतर फेरविचारास सुमारे तीन महिने मिळावेत, मान्यताप्राप्त संस्थांमार्फतच मूल जावे, असे नियम त्यातून आले. त्याच निर्णयात असेही म्हटले आहे की, दत्तक मूल प्रौढ झाल्यावर जन्मदात्यांविषयी जाणू इच्छील, तर त्याला माहिती देण्यास मोठीशी हरकत नसावी. ‘मोठीशी हरकत नाही’ एवढ्या मोजक्या शब्दांनी जुन्या भिंतीला पहिली खिडकी पडली. इंग्लंडमध्ये अशी खिडकी १९७५ च्या कायद्याने पडली. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या दत्तक व्यक्तीला मूळ जन्मनोंद पाहण्याचा अधिकार तेथे मिळाला. १९८९ च्या बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात, शक्य असेल तेथवर आपले आईबाप जाणण्याचा मुलाचा हक्क नमूद झाला, आणि भारताने तो करार १९९२ साली स्वीकारला. १९९३ च्या हेग कराराने मुलाच्या उगमाची माहिती जपून ठेवण्याची जबाबदारी राज्यांवर टाकली. तो भारताने २००३ साली मान्य केला.

आपल्या देशातील दत्तकाचे नियम २०१७ साली नव्याने झाले, तेव्हा मुळांचा शोध हा विषय त्यात रीतसर आला. अठरा वर्षांची व्यक्ती स्वतः, आणि त्याहून लहान असेल तर दत्तक मातापित्यांसह, अर्ज करू शकते. तिच्या वतीने तिसऱ्याच कोणाला मात्र हा शोध करता येत नाही. आईने मूल सोपविताना गुप्तता मागितली असेल, तर आधी तिची संमती विचारली पाहिजे. तिने नकार दिला, किंवा ती सापडली नाही, तर नाव न सांगता, मूल कोणत्या परिस्थितीत सोपविले गेले तेवढे अर्जदाराला सांगावे. मुलाच्या हक्काने आईच्या खाजगीपणाला धक्का लागू नये, असे त्या नियमांत स्पष्ट आहे.

ही तडजोड पुष्कळांना अपुरी वाटते. ज्या स्त्रीने तीस वर्षांपूर्वी कोणाला न सांगता मूल दिले, जिचा नवा संसार आहे, जिच्या नवऱ्यालाही ही गोष्ट ठाऊक नाही, तिच्या दारात एके दिवशी चौकशीचे पत्र यावे ही कल्पना भयंकर आहे. उलट, ज्याने स्वतः कोणालाही कसलेच वचन दिलेले नाही, त्याने दुसऱ्यांनी आपसांत दिलेल्या वचनाचे ओझे जन्मभर का वाहावे? या दोन प्रश्नांत एकाची बाजू घेऊन दुसऱ्याचे तोंड बंद करणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. नाव आणि हकीकत यांत नियमांनी जो भेद केला आहे, तो म्हणूनच मोलाचा. नावावर आईचा अधिकार असू शकेल. आपण या जगात कसे आलो, या हकीकतीवर मात्र मुलाचाच अधिकार आहे.

शिवाय प्रत्येकाला शोध करावासा वाटलाच पाहिजे असेही नाही. १९७९ साली पुण्यात जन्मलेली, ससूनजवळच्या ‘श्रीवत्स’ या संस्थेतून काही आठवड्यांची असताना स्थळेकर दांपत्याने दत्तक घेतलेली लिसा स्थळेकर पुढे ऑस्ट्रेलियाच्या महिला क्रिकेट संघाची कर्णधार झाली. मोठी झाल्यावर ती त्या संस्थेस येऊन गेली. जेथून आयुष्याला आरंभ झाला ते दार पाहून कोणी कृतार्थ होतो, कोणाला दाराच्या पलीकडचेही पाहावयाचे असते. दोन्ही वृत्ती स्वाभाविक आहेत.

वाढविणाऱ्या आईबापांच्या मनात मात्र एक भीती घर करून असते. मूळ सापडले की मूल आपले राहणार नाही. महाभारताने या भीतीला केव्हाच उत्तर देऊन ठेवले आहे. युद्धाच्या तोंडावर कृष्णाने आणि नंतर प्रत्यक्ष कुंतीने कर्णाला त्याचा जन्म सांगितला. ज्येष्ठ पांडवाचे पद समोर होते. कर्णाने ते ऐकून घेतले आणि ज्या सूत अधिरथाने व राधेने आपल्याला वाढविले त्यांना सोडण्यास नकार दिला. तो राधेयच राहिला. त्याची शोकान्तिका जन्म कळल्यामुळे झाली नाही. तो फार उशिरा कळल्यामुळे झाली. रंगभूमीवर सर्वांच्या देखत त्याला कूळ विचारले गेले, तेव्हा उत्तर ठाऊक असलेली एक व्यक्ती तेथे होती, आणि ती गप्प राहिली.

म्हणून आज ज्या संस्था, ज्या समित्या, ज्या परिचारिका एखाद्या मुलाची पहिली नोंद लिहीत असतील, त्यांच्या लेखणीवर फार मोठी जबाबदारी आहे. मूल कोणत्या दिवशी, कोणी, कोठून आणले. अंगावर कोणते कपडे होते. आईने काय सांगितले. तिचे म्हणणे भीतीपोटी होते की विचारान्ती. हे सगळे खरेखरे लिहून जपून ठेवले पाहिजे. ते कोणाला, केव्हा दाखवावे हे कायदा ठरवील. पण जे लिहिलेच गेले नाही, ते पुढे सर्वोच्च न्यायालयालाही दाखविता येणार नाही. कूळ शोधू नये असा सल्ला ऋषीला द्यावयास हरकत नाही. तो स्वतःचे कूळ सोडून गेलेला असतो. तान्ह्या मुलाने काहीच सोडलेले नसते. त्याच्या वतीने दुसऱ्यांनी जे सोडले, त्याचा हिशेब त्याला मागता येईल एवढी व्यवस्था ठेवणे, हे त्याला घर देण्याइतकेच आवश्यक आहे.